तीन फुटांचा पलंग

दसऱ्याला वाटून उरलेली आपट्याची पानं कपाटावर सुकून खडखडायला लागली की आमच्याकडे उकाडा मुक्कामाला येतो. पाऊस गाशा गुंडाळून गेलेला असतो आणि थंडीचा पत्ता नसतो. जोगेश्वरीच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर तेव्हा भिंतीला हात लावला तरी भिंत तापलेली लागते, टाकीचं पाणी आंघोळीला तापवावं लागत नाही आणि पंखा नुसती गरम हवा इकडची तिकडे करतो. अशा दिवसांत घरात एकच गोष्ट थंड असते, ती म्हणजे लादी. लहानपणी शाळेतून आले की मी दप्तर टाकून आधी लादीवर पालथी पडायचे, गाल टेकवून. एक गाल गार झाला की दुसरा. आई ओरडायची, "उठ गं, केर काढायचाय अजून!" त्या सुखाची सर अजून कुठल्याही एसीला आलेली नाही.

यंदाही ऑक्टोबर आला. पण हल्ली लादीवर अनवाणी पाय टेकला की मला गारव्याच्या आधी वास येतो, नुकत्या कापलेल्या लाकडाच्या भुशाचा. तो आता घरात नाही हे मला ठाऊक आहे. शेजारी कुणीतरी भाजणी भाजत असतं, गॅलऱ्यांमधून पातळ पोहे वर्तमानपत्रांवर उन्हं खात पडलेले असतात, सगळ्या बिल्डिंगला दिवाळीचा वास येतो आणि मला भुशाचा. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात मी घरच्या घरी, माझ्या हातांनी, बाबांसाठी एक पलंग केला होता. चांगला केला होता. वाईट झाला असता तर एवढं सगळं झालंच नसतं.

आमच्या घरात आई-बाबांसाठी पलंग हा प्रकार तोवर नव्हता. बाबा कणकवलीकडून गिरणीत कामाला आले तेव्हा गाववाल्यांच्या खोलीत पथारी पसरून झोपायचे, लग्न होऊन आई आली तेव्हाही जमिनीवरच. गिरणी बंद पडली, बाबा एका गोदामात कामाला लागले, आम्ही इकडे राहायला आलो, तरी झोपणं खालीच राहिलं. रात्री जेवणं उरकली, लादी पुसून झाली की आई हॉलमध्ये दोन गाद्या शेजारी शेजारी अंथरायची, वर तिने स्वतः शिवलेल्या गोधड्या. सकाळी त्यांच्या वळकट्या होऊन दाराआड जायच्या आणि झोपायची खोली पुन्हा बसायची खोली व्हायची. अवेळी पाहुणा आला तरी आमच्या झोपेचा मागमूस त्याला लागायचा नाही, याचा आईला केवढा अभिमान होता.

आणि दिवा मालवला की त्या दोघांची कुजबुज सुरू व्हायची.

दिवसभर ते एकमेकांशी कामापुरतं बोलत. 'चहा झालो', 'किल्ली खंय', 'गॅसवाला येवन गेलो' एवढंच. माझ्याशी दोघंही मराठीत बोलायचे, आपसात मालवणीत. पण खरं बोलणं काळोखातलं. आमच्यासारख्या घरांत नवराबायकोला एकटं बोलायला दुसरी वेळ नसते आणि दुसरी जागा तर नसतेच. मी आतल्या खोलीत, मधलं दार किलकिलं. शब्द कधीच कळायचे नाहीत. बाबांचा खालचा आवाज, त्यावर आईचा भराभर चाललेला, मध्येच तिचं पदराआड दाबलेलं हसू. मंद आचेवर वरण शिजत असावं तसा तो आवाज यायचा आणि त्यात मला झोप लागायची. कान देऊन ऐकावं असं कधी मनात आलं नाही. पंख्याचा आवाज कोण ऐकत बसतं?

आतल्या खोलीबद्दलही सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं अर्धवट राहील. ती खोली आधी त्या दोघांची होती. मला ती दहावीच्या वर्षी अभ्यासासाठी मिळाली. "परीक्षेपुरती," असं ठरलं होतं. दोघं आपल्या गाद्या घेऊन हॉलमध्ये आले. परीक्षा झाली, निकाल लागला, बारावी झाली, नोकरी लागली. आता त्या गोष्टीला तीसेक वर्षं झाली. खोली मी परत केलेली नाही आणि त्यांनी कधी मागितली नाही. लग्न करून गेले असते तर आपोआप रिकामी झाली असती, पण तेही माझ्याकडून झालं नाही. मला लोखंडी खाट आहे, टेबल आहे, दार आहे. यात काही वावगं आहे असं मला तोवर वाटलंच नव्हतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

बाबांच्या गुडघ्याने दगा दिला तिथून पलंगाची गोष्ट निघाली. दिवाळीनंतर ऑपरेशन ठरलं. डॉक्टर पोरसवदा होता, गोड बोलणारा. "आजोबा, आता खाली झोपणं बंद. खाली बसणंसुद्धा बंद."

"सगळं आयुष्य खाली गेलं माझं," बाबा म्हणाले.

"म्हणून तर गुडघा गेला."

परतताना पुलाखाली सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा बाबा म्हणाले, "पलंगावरून माणूस पडतो. जमिनीवरून कोण कधी पडलाय?" मी हसले. आई मात्र हसली नाही, ती बाहेर बघत होती.

दुकानांत पाहिलेले पलंग आमच्या हॉलमध्ये मावण्यातले नव्हते. आमच्या जिन्यातून ते वर चढले असते तर मागाहून आम्हाला घर बदलावं लागलं असतं. दिवाळीच्या तोंडावर सुतार मिळणं आणि देव भेटणं सारखंच. मग मी म्हटलं, आपणच करू. मी पार्ल्याच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. तिथली डुगडुगणारी स्टुलं, निखळलेले रॅक माझ्याच हातून सरळ होतात. स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात लाटण्यापेक्षा बरा बसतो, असं आई लोकांना सांगते, आणि ते ती कौतुकाने सांगते की वैतागाने ते मला अजून कळलेलं नाही. त्यातून मोबाइलवरचे व्हिडिओ. आमच्या बिल्डिंगच्या आवाराएवढ्या शेडमध्ये एक गोरा माणूस शिट्टी वाजवत पलंग करतो आणि शेवटी त्यावर उडी मारून दाखवतो. मला वाटलं, यात काय एवढं.

मग मी मापं घ्यायला बसले. मुंबईत पलंग मुळात सामान ठेवण्यासाठी असतो, वर माणूस झोपतो हा त्याचा जोडधंदा. म्हणून आधी मोठी बॅग मोजली, तांदळाचा पिंप मोजला, गावाहून येणारे सोलं-कुळथाचे डबे मोजले आणि त्यांवरून उंची ठरवली. मग रुंदी. हॉलमध्ये एका भिंतीला आमचं जुनं लोखंडी कपाट आहे, दोन दारांचं. त्याचं डावं दार पुरतं उघडायला हवं, तर पलंग तीन फुटांचाच होऊ शकत होता. मी खडूने लादीवर चौकोन आखला. कपाटाचं दार उघडून बघितलं. अगदी बेतशीर, चौकोनाला न लागता उघडलं. मी स्वतःवर खूश झाले.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि त्या चौकोनात जाऊन उभी राहिली. "एवढाच?" ती म्हणाली. "एकाच माणसाचा?"

"मग? तुझे गुडघे ठणठणीत आहेत गं. तुला कशाला पलंग?"

"तसं नाही..." आई म्हणाली. तेवढ्यात गॅसवर दूध वर आलं आणि ती आत पळाली. मी खडूच्या रेघा गडद केल्या. ते 'तसं नाही' नंतर मी इतक्यांदा आठवलंय की आता ते तिच्या आवाजात ऐकू येत नाही, माझ्याच आवाजात येतं.

पण ते दिवस मजेचे होते, हे खोटं कशाला बोलू? ओशिवऱ्याच्या वखारीतून पाइनच्या फळ्या कापून आणल्या, टेम्पोतून. जिन्यातून वर नेताना बिल्डिंगमधल्या प्रत्येक दारातून एक सल्ला मिळाला. हॉलमध्ये कामाला सुरुवात झाली. बाबा खुर्चीत बसून फळीचं दुसरं टोक धरायचे आणि मी भोक पाडायला लागले की डोळे गच्च मिटायचे, जसं काही ड्रिल त्यांच्याच गुडघ्यात चाललंय. खालच्या मजल्यावरून प्रभुकाकू ओरडायच्या, "शुभा, अगं, दात काढतेयस का कुणाचे?" आई मुकाट्याने भुसा झाडायची. पॉलिश लावलेल्या फळ्या गॅलरीत वाळत घातल्या तर शेजारीच तिचे पोहे वाळत होते, आणि त्या वर्षीच्या चिवड्यात दाण्यांबरोबर भुसाही आला. बाबा मिटक्या मारत म्हणाले, "यंदा चिवडा भलताच कुरकुरीत झालाय." एक पाय आखूड निघाला. त्याखाली आधी पुठ्ठा घातला, मग चिडून बाकीचे तीन घासले. हाताला फोड आले, नखांत पॉलिश बसलं, लॅबमधल्या मुली विचारायला लागल्या, "मॅडम, हे कुठलं ॲसिड?" मी सुखात होते.

पलंग उभा राहिला तेव्हा मी त्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. 'झकास!', 'पोरीने नाव काढलं', 'आम्हालाही एक करून दे ना'. जाता-येता मी त्याच्या उशाकडच्या फळीवरून हात फिरवायची. समोरच्या वहिनी बघायला आल्या, त्यांनी दाबून बघितला, हलवून बघितला. आई त्यांना म्हणाली, "सगळं हिनेच केलं हो, एकटीने." मग तिने एका वळकटीची गादी उलगडून पलंगावर घातली. दुसरी वळकटी दाराआड तशीच उभी होती.

ऑपरेशन होऊन बाबा घरी आले ते वॉकर घेऊन. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये जी पट्टी उरली होती तिथे आई अंथरूण घालणार होती. पण तिथून वॉकर जायला हवा, उठताना बाबांचा पाय तिच्यावर पडायला नको. पायथ्याशी घालावं तर बाथरूमची वाट अडते. दोन रात्री तिने इकडे-तिकडे करून बघितलं आणि मग गादी उचलून स्वयंपाकघरात गेली. ओट्याखाली डोकं, माठाकडे पाय.

"वॉकर सुटेपर्यंतच गं," ती म्हणाली.

"माझ्या खोलीत ये ना."

"नको. तुझा पंखा फास्ट असतो."

मी पुन्हा म्हटलं नाही. पंखा कमी करता येतो, हे मला सुचायला हवं होतं. खरं सांगायचं तर तिने नको म्हटल्यावर मला हायसंच वाटलं होतं. पुढे वॉकर सुटला, काठी आली, काठीही सुटली, बाबा खालपर्यंत जाऊन पेपर आणायला लागले. आई मात्र स्वयंपाकघरातच राहिली. "सवय झाली आता," म्हणाली, "पहाटे पाणी येतं ते भरायलाही बरं पडतं." आमच्या घरात जे जे 'पुरतं' म्हणून सुरू होतं ते असं कायमचं होतं.

त्या वर्षी माझी झोप उडाली. आधी वाटलं बाबांची काळजी. मग वाटलं मोबाइल, मग चहा, मग वय. लॅबमधल्या विद्याने दुधात जायफळ घालून प्यायला सांगितलं, तेही केलं. पडून राहायचं आणि छताकडे बघायचं. घर कसं शांत असायचं! मी विद्याला सांगितलंही, "यार, आमच्याकडे एवढी शांतता असून झोप नाही येत." सकाळी मग चिडचिड. आई हल्ली काही विचारलं तर भलतंच उत्तर द्यायची. पाणी मागितलं तर चहा आणायची, बेल वाजली तरी उठायची नाही. "लक्ष कुठे असतं गं तुझं?" मी म्हणायची. "नेटवर्क गेलं का?" बाबा हसायचे. आम्ही हसतोय हे बघून आईही हसायची.

पुढचा ऑक्टोबर आला. कॉलेजात प्रॅक्टिकलची परीक्षा चालू होती. खिडक्यांतून ऊन आत आलेलं, बर्नर चालू, सगळा वर्ग घामाघूम. मागच्या बाकावर दोन मुली कुजबुजत होत्या. सरांनी मला खूण केली, जरा बघा. मी जाऊन त्यांच्या मागे उभी राहिले. त्यांचे शब्द कळत नव्हते, नुसता आवाज, एकीचा संथ, दुसरीचा भराभर, आणि मध्येच दाबलेलं हसू. आणि ॲसिडच्या बाटल्यांशेजारी, भर दुपारी, उभ्या उभ्या माझे डोळे मिटायला लागले. वर्षभर जायफळाने जे झालं नाही ते झालं. मी टेबल धरलं. मग माझ्या ध्यानात आलं की आमच्या घरातून काय गेलंय.

"मॅडम, आम्ही फक्त तारीख विचारत होतो," एक मुलगी घाबरून म्हणाली. तिथे उभी राहून मी मनातल्या मनात हॉल बघत होते. पलंगावर बाबा, मध्ये भिंत, पलीकडे ओट्याखाली आई.

घरी गेले तेव्हा आई जमिनीवर बसून मेथी निवडत होती. बाबा खाली गेले होते. मी विचारलं, "आई, तुम्ही दोघं हल्ली रात्री बोलत नाही ना?" मला दोनदा विचारावं लागलं.

"काय बोलायचं?"

"आधी बोलायचात ते."

आईने काडी मोडली. "ते तिथे, मी इथे. बोलायचं तर ओरडायला हवं. वरच्या-खालच्यांना ऐकवायचं का सगळं? काही गोष्टी हळूच बोलायच्या असतात गं. मोठ्याने बोललं की त्या राहत नाहीत तशा."

"मग मला सांगायचं ना! पलंग मोठा केला असता मी तेव्हाच!"

"तू किती खूश होतीस," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती पुन्हा मेथीकडे वळली.

मी त्याच रात्री त्यांना म्हटलं, तुम्ही आतल्या खोलीत जा, मी हॉलमध्ये झोपते. खरं म्हणजे हे मी आधीच, फार आधी म्हणायला हवं होतं. बाबा म्हणाले, "आतून रस्ता दिसत नाही. इथे सकाळी जाग आली की दूधवाला दिसतो, जाग वाटते." आई म्हणाली, "तुझ्या पुस्तकांची धूळ आहे तिथे, मला शिंका येतील." मी आग्रह केला, पण कसा, तर पाहुण्याला दुसरी वाटी आमटी वाढताना करतात तेवढाच. आणि ते नको म्हणाल्यावर मला जे हलकं वाटलं त्याची शरम मला अजून वाटते.

मग पुन्हा वखार, पुन्हा फळ्या, पुन्हा गॅलरीत पोह्यांशेजारी पॉलिश. पलंगाला बाजूने आणखी दोन फुटांचा जोड दिला, त्याला वेगळे पाय लावले, लोखंडी पट्ट्यांनी दोन्ही घट्ट जोडलं. या खेपेला कुणाला फोटो पाठवला नाही. कपाटाचं डावं दार आता अर्धंच उघडतं. त्या दाराआड काय आहे? पाहुण्यांची दोन ब्लँकेटं, पितळी समई, कुणाच्या तरी लग्नातला आहेराचा चहाचा सेट. गणपती-दिवाळीला ते दार उघडलं जातं, एरवी नाही. आणि अर्ध्या उघडलेल्या दारातूनसुद्धा हात तिरका केला की सगळं निघतं. मी काढून बघितलं. समईसुद्धा निघाली. ती हातात घेऊन मी कपाटासमोर कितीतरी वेळ बसून होते.

जोड बसवला तो रविवार होता. दुपारी सुरमईचं कालवण आणि भात झाल्यावर दोघं पलंगावर आडवी झाली. वर्षाने शेजारी शेजारी. एसटीत अनोळखी माणसाशेजारी बसावं तशी अंग चोरून. मी आत गेले, दार पूर्वीसारखं किलकिलं ठेवलं आणि खाटेवर पडून डोळे मिटले. मला गंमत वाटत होती, शेहेचाळीस वर्षांची बाई मी, आणि अंगाईची वाट बघत पडल्यासारखी पडले होते. थोड्या वेळाने बाबांची कुजबुज आली. तोच खालचा आवाज.

"काय?" आई म्हणाली. मोठ्याने.

पुन्हा कुजबुज.

"काय म्हणतास?"

"म्हटलंय, उकडता!" बाबा ओरडले. खाली प्रभुकाकूंनासुद्धा ऐकू गेलं असेल. मला आधी वाटलं, आईचं लक्ष नाही. नेहमीचं आहे हिचं. आणि मग मी खाटेवर उठून बसले.

कानाच्या डॉक्टरांकडे आईला काचेच्या खोलीत बसवलं, कानांना हेडफोन. आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. बाहेर बसलेली मुलगी तिच्याकडे बघायची, आणि ती बघते आहे म्हणून आई आदबीने बटण दाबायची. मुलीने मान खाली घातली तसं आईचं बटण दाबणं थांबलं, तेव्हा खरा प्रकार कळला. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून कमी ऐकू येतंय यांना?" मी बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे. एकाच घरात आम्ही तिघं राहतो आणि कुणालाच माहीत नव्हतं.

बाबा रोज रात्री तिच्याशी बोलत असते तर त्यांना पहिल्या आठवड्यात कळलं असतं. कुजबुज ऐकू येत नाही हे कळायला कुणाला तरी कुजबुजावं लागतं. डॉक्टर भला माणूस, म्हणाला, "वयाचं आहे हे. लवकर आला असतात तरी फार फरक पडला नसता." असेल. पण मला त्याचा उपयोग नाही. आईच्या कानांना जे शेवटचं बरं वर्ष मिळालं होतं, ज्यात नवऱ्याने काळोखात हळूच बोललेलं तिला ऐकू आलं असतं, ते वर्ष मी कपाटाच्या दाराला देऊन टाकलं. वरून त्याच वर्षात मी तिला 'नेटवर्क गेलं का' म्हणून हसले.

मशीन घेतलं. ते लावून आई दिवसभर हिंडते, आता बेल पहिल्या वाजण्यात ऐकते आणि मिक्सर लावला की मला रागावते. पण आडवं होताना मशीन काढावं लागतं. उशीला कान टेकला की ते शिट्टी मारतं. त्यामुळे दुपारी नाहीतर रात्री, पलंगावर चढायच्या आधी ती ते काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते, आणि मग तिला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. दोन्ही गाद्या शेजारी आहेत, दोन्ही माणसं शेजारी आहेत. मला हवं होतं तसं सगळं झालंय.

परवाची दुपार. उकाडा असा की गॅलरीतली तुळस मान टाकून बसलेली. मी आतल्या खोलीत खाटेवर चढून माळ्यावरचा आकाशकंदील काढत होते. हॉलमध्ये दोघं आडवी झाली होती. मधलं दार उघडंच होतं, आणि बाबा बोलायला लागले. कुजबुजत नव्हते. आता कुणासाठी कुजबुजायचं? छताकडे बघत, आपल्या साध्या आवाजात, मालवणीत. मी आत आहे हे ते विसरले असावेत, किंवा झोपले असेन असं वाटलं असेल. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचे शब्द ऐकू आले. यंदा माडाक नारळ कमी लागलेत, भाऊचो फोन इल्लो. वरच्या मजल्यावरच्यांचो धाकटो झील नोकरीक दुबईक गेलो. भोपळ्याची भाजी सकाळी अळणी होती, पण मी बोलाक नाय. प्रत्येक वाक्यानंतर ते जरा थांबायचे, हात थोडा उचलायचे, आणि आई तो हात बघून "हां" म्हणायची. तिला एक अक्षर कळत नव्हतं. ते त्यांनाही माहीत होतं.

मी दार लावायला हवं होतं. ते बोलणं माझं नव्हतं. पण मी कंदील छातीशी धरून तशीच खाटेवर उभी राहिले.

मग बाबा म्हणाले, "खालीच बरा होता गो. हय उंचार माका अजून झोप येना नाय." थांबले. "पण शुभाक सांगा नको हां. तिका वायट वाटतला."

आणि हात थोडा उचलला.

"हां," आई म्हणाली.